वहीतला दुसरा रकाना

मार्च २०१९. गणवेशाचा हंगाम ऐन भरात होता. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून सोलापुरात कारखानदार फेब्रुवारीपासूनच कटिंगचे गठ्ठे घरोघरी पाठवायला लागतो आणि आम्ही बायका रात्री अकरा-बारापर्यंत मशीनवर बसतो. त्या गडबडीत बचत गटाच्या बैठकीला एक मैत्रीण पेपरचं कात्रण घेऊन आली. महिन्याला थोडे पैसे आपण भरायचे, तेवढेच सरकार भरणार, आणि साठीनंतर दर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन. नाव होतं प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना. नोंदणी १५ फेब्रुवारीपासून सुरू झाली होती.

"तेवढेच सरकार भरणार" हे वाचलं आणि खोलीत सगळ्याजणी गप्प झाल्या. आमच्या गल्लीत पैसे दुप्पट करून देतो म्हणून एकजण येऊन गेला होता. दोन वर्षं दर आठवड्याला पैसे नेले, पावत्या दिल्या, आणि एक दिवस ऑफिसला कुलूप. माझ्या सासूबाईंचे चौदा हजार त्यात गेले. त्यामुळे 'तुमच्या पैशात आम्ही पैसे घालतो' असं कुणी म्हटलं की आमच्या बायका आधी पदर सावरून मागे सरकतात. मी गटाची सचिव. मी म्हटलं, आधी मी जाऊन विचारून येते, मग ठरवू.

नीलमनगरजवळच्या सेवा केंद्रात गेले. केंद्रावरच्या दादानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५,००० पर्यंत, काम असंघटित क्षेत्रातलं. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर चालत नाही, आयकर भरत असाल तरी चालत नाही. हप्ता वयावर ठरतो. १८ व्या वर्षी आलात तर ५५ रुपये, २९ व्या वर्षी १००, ४० व्या वर्षी २००. एकदा ठरला की साठीपर्यंत तोच. माझं वय तेव्हा ३३, हप्ता १३०. पैसे आयुर्विमा महामंडळ सांभाळणार.

घरी येऊन दिव्याखाली हिशेब मांडला. २७ वर्षं, ३२४ हप्ते, माझे एकूण ४२,१२०. सरकारचे तेवढेच. साठीनंतर महिन्याला ३,००० म्हणजे माझे स्वतःचे पैसे चौदा महिन्यांत जवळपास परत आले, पंधराव्या महिन्यापासून पुढचं सगळं वरचं. हे गणित मी तीनदा केलं. नवऱ्यालाही करायला लावलं. तो म्हणाला, "हे खरं असेल तर तू उद्याच जा."

मी गेले, पण एकटी नाही. गटातल्या सहाजणी बरोबर आल्या, आणि खरी परीक्षा तिथं सुरू झाली.

माहेरचं नाव आणि सासरचं नाव हा आम्हा बायकांचा जन्माचा घोळ. एकीच्या आधारवर लग्नाआधीचं नाव, पासबुकावर लग्नानंतरचं. एकीच्या आधारवर जन्मतारीख नव्हतीच, नुसतं वर्ष. संगणकात नाव आणि जन्मतारीख आधारवर असेल तशीच्या तशी टाकावी लागते, एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी पुढचं पान उघडत नाही. दोघींना परत पाठवलं. त्यातली एक आधार दुरुस्त करून महिन्याभरानं आली, दुसरी आलीच नाही. दुरुस्तीला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि हंगामातला दिवस कुणी बुडवत नाही. मी मागे लागायला हवं होतं. ती अजून भेटते तेव्हा मला त्याची आठवण होते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं दुःख वेगळं. त्यांना आधार काढताना जन्मतारीख माहीत नव्हती, तिथल्या माणसानं अंदाजानं १ जानेवारी लावली आणि वर्षही अंदाजानंच. त्यांची थोरली मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, त्यांचं स्वतःचं लग्न सतराव्या वर्षी झालेलं. म्हणजे त्या साधारण अडतीसच्या. आधारवर वय ४१. दादानं दोनदा टाकून बघितलं, दोनदा लाल अक्षरं आली. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाल्या, "तुमचं तरी झालं ना." धुणीभांडी, विटा, मग मशीन, अशी पंचवीस वर्षं राबलेल्या बाईला एका अंदाजानं बाहेर काढलं.

शेजारच्या अक्का विड्या वळतात. त्याही हौसेनं कागद घेऊन आल्या होत्या, पण त्यांचा कारखान्यातून पीएफ कापला जातो, त्यामुळे त्या यात बसत नाहीत. त्यांना मी सांगितलं, अक्का, तुमची जोड तुमच्या कारखान्याकडून पडते. पीएफमध्ये तुमच्या पगारातून कापतात तेवढ्याला मालकालाही घालावं लागतं. त्यांना हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी कामाची नोंदवही, लॉगबुक, घेऊन आपला पीएफ नंबर शोधायला गेल्या.

ज्यांचं सगळं जुळलं त्यांचा पहिला हप्ता रोखीनं घेतला. मग छापील फॉर्म निघतो, त्यावर सही करायची, तो स्कॅन होऊन जातो, आणि पुढचे हप्ते बँकेतून आपोआप कापले जातात. ही सही बँकेतल्या सहीशी जुळावी लागते. आमच्यातली एक मावशीबाईंची सून, वय २९, हप्ता बरोबर १००. तिनं खातं काढलं तेव्हा अंगठा दिला होता, नंतर साक्षरतेच्या वर्गात सही शिकली. आता अंगठा द्यायचा की सही करायची? दादानं बँकेत पाठवलं. बँकेत सही बदलून घ्यायला तिनं एक अख्खं पान भरून आधी सराव केला. मी शेजारी बसले होते. पहिलं अक्षर काढताना ती पेन शिलाईच्या सुईसारखं धरायची, अगदी टोकाशी. बाराव्या-तेराव्या ओळीला हात सैल झाला. ते पान मी मागून घेतलं, अजून माझ्या वहीत घडी करून ठेवलंय.

शेवटी कार्ड हातात आलं. वर नाव, खाली पेन्शन खात्याचा नंबर. लॅमिनेशनचे पैसे आम्ही गटातून दिले.

आता मुख्य गोष्ट. दोन-तीन महिने गेले आणि बायकांच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरायला लागला. कारण साधं होतं. पासबुक भरून आणलं की त्यात दिसायचं काय? १०० रुपये वजा. पुढच्या महिन्यात पुन्हा १०० वजा. सरकारचे १०० कुठंच दिसत नाहीत, कारण ते आपल्या बँकेच्या खात्यात येतच नाहीत, ते पेन्शनच्या निधीत जातात. बाई पासबुक उघडते आणि तिला फक्त गेलेले पैसे दिसतात. एकजण मला म्हणाली, "ताई, हे पण त्या कुलूपवाल्यासारखंच नाही ना?"

त्या रात्री मी शंभर पानी वही आणली. प्रत्येकीला एक पान. उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे 'माझे', उजवीकडे 'सरकारचे'. हप्ता कापला की पासबुक बघून दोन्हीकडे आकडा लिहायचा आणि खाली बेरीज. बैठकीत प्रत्येकीनं आपापलं पान स्वतः लिहायचं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांनी मुलांकडून लिहून घेतलं, पण समोर बसून.

एवढ्यानं फरक पडला. सहा महिन्यांनी बेरजेत ६०० आणि ६०० दिसले तेव्हा तीच बाई वही दुसऱ्या बायकांना दाखवायला घेऊन गेली. गरिबाला बचतीची सवय नसते असं मोठी माणसं म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. आमच्या गल्लीत भिशी नाही असं घर नाही. पण भिशीत आपलेच पैसे फिरून आपल्याकडे येतात. आपण घातलेल्या रुपयाशेजारी दुसरा रुपया येऊन बसतो, हे आम्ही जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते नजरेला पडायला हवं होतं.

मग २०२० आलं. टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या घरात शिवून तयार असलेले गठ्ठे होते. शाळाच उघडल्या नाहीत. कारखानदाराकडं माल पडून, त्यानं मजुरी अडकवली. पुढचा हंगामही तसाच गेला. भिशी अर्ध्यात थांबली, आणि ज्यांचा नंबर लागून गेला होता त्या सुटल्या, बाकीच्या अडकल्या. माझ्या खात्यात शंभर रुपयेही नसायचे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत माझे पाच हप्ते गेले नाहीत. वर बँकेनं हप्ता परत गेल्याचा दंड लावला, तो हप्त्यापेक्षा जास्त होता. १३० रुपये नव्हते म्हणून त्याहून जास्त कापले जाणार, आणि नंतर कधी खात्यात पैसे आले की पहिले तेच जाणार. ही गोष्ट मला आजही पटत नाही. रोजंदारीच्या माणसाचे पैसे नदीच्या पाण्यासारखे कधी येतात, कधी आटतात, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला. हंगामात वर्षाचे सगळे पैसे एकदम भरा म्हटलं असतं तर आम्ही हसत भरले असते.

वहीत त्या पाच महिन्यांच्या ओळी मी रिकाम्या ठेवल्या. दोन्ही रकाने रिकामे. बघवायचं नाही, पण खोडायचंही नाही असं ठरवलं. डिसेंबरात थोडं मास्क शिवायचं काम मिळालं. त्यातून थकलेले ६५० रुपये आणि त्यावरचा दंड केंद्रात जाऊन भरला. थकबाकी दंडासह भरली की खातं पुन्हा चालू होतं, हे नियमात आहे. पण हे सांगायला कुणी घरी येत नाही. आमच्यातल्या दोघींनी हप्ता चुकला म्हणजे सगळं बुडालं असं समजून तो विषयच सोडून दिला होता. त्यांना हाताला धरून नेलं. त्यात एकीचं खातं चालू झालं. दुसरीनं नको म्हटलं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली, तेव्हा आणखी एक घोळ. कार्ड मिळालं म्हणजे पेन्शन सुरू झाली असं गल्लीत पसरलं. दोन्ही वेगळं आहे, ई-श्रम ही नुसती कामगार म्हणून नोंद आहे, हे समजावण्यात माझे दोन रविवार गेले.

आणि मग जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. आमच्या गटातल्या एकीच्या आईचं ऑपरेशन निघालं. तिचा हप्ता १०५ रुपये, ३६ हप्ते भरून झालेले. वहीत डावीकडे ३,७८० आणि उजवीकडे ३,७८०. ती वही घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, हे साडेसात हजार काढून दे." मला नियम माहीत होता आणि तरी तो तोंडातून निघेना. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलं तर फक्त आपण भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजानं परत मिळतात. सरकारचा वाटा मिळत नाही. उजवा रकाना तिचा नव्हताच. साठ वर्षांपर्यंत टिकली तरच तिचा होणार होता. मी हे आधी सांगितलं होतं, पण एकदा, घाईत, सगळ्यांना मिळून. सांगणं आणि समजणं यात फरक असतो आणि ती चूक माझी होती. त्या दिवसापासून प्रत्येकीच्या पानावर उजव्या रकान्याच्या डोक्यावर मी लाल पेनानं लिहिलं: 'साठीनंतरच'.

त्यानंतर मी योजनेचा कागद पुन्हा नीट वाचला, ओळ न ओळ. साठीनंतर खातेदार गेला तर नवऱ्याला किंवा बायकोला निम्मी पेन्शन मिळते, १,५०० रुपये. साठीच्या आधी गेला तर जोडीदाराला हप्ते पुढं चालवता येतात किंवा पैसे काढून घेता येतात. दोघंही गेल्यावर उरलेली रक्कम निधीतच परत जाते. मुलांना काही नाही. आणि ३,००० हा आकडा महागाईबरोबर वाढत नाही. माझी साठी २०४६ मध्ये. तेव्हा ३,००० रुपयांत काय येईल, हा प्रश्न बैठकीत विचारला गेला तेव्हा मी खरं तेच सांगितलं: फार काही येणार नाही, पण औषधाचे पैसे मुलाकडं मागावे लागणार नाहीत. आमच्या सासूबाई बीपीच्या गोळीसाठी मुलाचा मूड बघून बोलतात. ज्यांनी ते घरात बघितलंय त्यांना ३,००० कमी वाटत नाहीत.

तरी मनात राहिलं होतं की आपल्याला जोड हवी ती म्हातारपणासाठी तर हवीच, पण आत्ता हाताला काही लागावं यासाठीही हवी. २०२२ च्या सुरुवातीला बचत गटांच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की मायकेल शेराडेन नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९९१ मध्येच हे मांडलं होतं: गरिबाला खर्चापुरते पैसे दिले तर तो महिना काढतो, पण त्याच्याकडं मालमत्ता झाली तर तो पुढच्या वर्षांचा विचार करायला लागतो. म्हणून त्याच्या कमाईतल्या बचतीला जोड द्यायची आणि ती जोड ठरावीक गोष्टींसाठीच वापरायची. पहिलं घर, पुढचं शिक्षण किंवा छोटा धंदा. १९९८ मध्ये तिकडं त्यासाठी कायदाही झाला. आणि जोड म्हणून आलेले पैसे बचत करणाऱ्याच्या हातात न देता थेट घर विकणाऱ्याला, कॉलेजला किंवा दुकानदाराला द्यायचे. हे ऐकताना मी वहीत खुणा करत होते. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, ओव्हरलॉक.

शिवणकामातल्यांना वेगळं सांगायला नको. ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड सुटू नये म्हणून टाका मारणारं मशीन. ते घरात नसेल तर कडा मारायला माल दुसऱ्याकडं न्यावा लागतो, डझनामागं मजुरीतला तुकडा तिथं जातो, आणि हंगामात त्याच्याकडं रांग. आमच्या गटात बाराजणींत एकीकडंच ओव्हरलॉक होतं.

गटाकडं कर्जाच्या व्याजातून जमलेली शिल्लक होती. दरवर्षी दिवाळीला ती वाटून साडी घ्यायची पद्धत. मी म्हटलं, यंदा साडी नको. जी बाई मशीनसाठी महिन्याला २५० याप्रमाणे २४ महिने बाजूला टाकेल, तिला गट त्याच्या निम्मे देईल. तिचे ६,००० झाले की गटाचे ३,०००. वाद झाला, मोठा झाला. ज्यांना मशीन नको त्यांनी साडी का सोडायची? हा प्रश्न रास्त होता. शेवटी असं ठरलं की मशीन घेणाऱ्या बायका गटातल्या इतरांचा माल वर्षभर अर्ध्या दरात ओव्हरलॉक करून देतील. त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

एप्रिल २०२२ ला पाचजणींनी सुरुवात केली. पुन्हा वही, पुन्हा दोन रकाने, यावेळी 'माझे' आणि 'गटाचे'. एक नियम मी हट्टानं घातला: मध्येच सोडावं लागलं तर आपले पैसे त्याच दिवशी परत, कुणी कारण विचारायचं नाही. दोघींनी सोडलं, एकीनं मुलाच्या फीसाठी आणि एकीनं नवऱ्याच्या अपघातामुळं. त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी हातात दिले. तिघी शेवटपर्यंत राहिल्या.

एप्रिल २०२४ मध्ये तिघींना घेऊन जुन्या मशीनच्या दुकानात गेलो. प्रत्येकी ९,००० ची, तीन धाग्यांची, सेकंडहँड. गटाचा चेक दुकानदाराच्या नावानं, बाकीचे पैसे बायकांनी स्वतः मोजून दिले. दुकानदारानं मशीन चालवून दाखवायला चिंधी घातली. त्यातली एक म्हणाली, "थांबा, मी घालते." पिशवीतून तिनं घरून आणलेला निळ्या हाफ पँटचा तुकडा काढला, गणवेशाचं खरं कापड. सर्र करून कड मारली गेली, तिनं उलटसुलट करून बघितली, नखानं ओढून बघितली, टाका सुटला नाही. मग म्हणाली, "घ्या बांधायला."

त्या हंगामात ती आमचा माल करून वर बाहेरच्यांचाही करत होती. तिचा पेन्शनचा हप्ताही तेव्हापासून एकदाही चुकला नाही. पुढं ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० यायला लागले तेव्हा मला वाटलं आता सगळ्यांचेच हप्ते सुरळीत जातील. पण ते पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात आणि काहींचा पेन्शनचा हप्ता दुसऱ्याच खात्यातून जायचा. एका खात्यात पैसे पडून आणि दुसऱ्यात हप्ता परत. मग प्रत्येकीला महिन्याच्या सुरुवातीला हप्त्याचे पैसे तिकडं टाकायची आठवण करणं हे माझं काम झालं. अजूनही आहे.

फेब्रुवारी २०२५ अखेर माझ्या पानावर ७२ ओळी झाल्या. डावीकडे ९,३६०, उजवीकडे ९,३६०. सहाजणींपैकी चौघींची पानं चालू आहेत.

माझी मुलगी २०२५ मध्ये अठराची झाली. तिचा हप्ता ५५ बसतो. मी फॉर्मची गोष्ट काढली तेव्हा तिनं साठीचं वर्ष काढलं, २०६७, आणि माझ्याकडं बघत राहिली. तिला टॅलीचा कोर्स करायचाय, फीसाठी पैसे जमवतेय. म्हणते, आई, गटानं मशीनला जोड दिली तशी कोर्सला का नाही? पुढच्या बैठकीत हा विषय घेतलाय. दोघीजणी विरोधात आहेत, मुलगी लग्न होऊन गेली तर गटाला काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी मला आधी घरी जाऊन बोलायचंय. पेन्शनचा फॉर्म मी तिला आग्रहानं भरायला लावणार नाही, दोन्हींतलं आधी काय हे तिनंच ठरवावं. नव्या वहीत तिच्या नावाचं पान मात्र काढून ठेवलंय, उभी रेघ मारून. रकान्यांवर अजून काही लिहिलेलं नाही.